जोर कुठे द्यायचा

त्रिमूर्ती चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर,
साडेसातचा इंग्रजीचा वर्ग.
सेकंड शिफ्ट नसते त्या आठवड्यात मी जाते.
रणनवरे बाई शरणपूरहून स्कूटीवर येतात,
खडूचा डबा त्यांचा स्वतःचा.

त्या दिवशी फळ्यावर मराठीतच लिहिलं:
मी सांगितलं होतं.
म्हणाल्या, एक च द्या मला, कुणीही.
मागच्या पोराने पहिल्याच शब्दाला चिकटवला:
मीच सांगितलं होतं.
दुसऱ्याने मधे: मी सांगितलंच होतं.
शब्द तेच तीन,
अक्षर एक,
भांडण निराळं.

"इंग्रजीत हे अक्षर नाही," बाई म्हणाल्या,
"तिथे शब्दाला हाताला धरून उठवावं लागतं.
आधी एक रिकामा पाट मांडा: इट वॉज.
ज्याच्याकडे बोट दाखवायचंय, तो पाटावर.
बाकीची पंगत हू च्या मागे.
नाहीतर नेव्हर ला दारात उभं करा,
मग बघा, हॅव कसा आय च्या आधी उठतो,
साहेब आल्यासारखा.
आणि वाक्याचं शेवटचं घर
कुणाला फुकट देऊ नका.
तिथे राहतो त्याचाच आवाज मागे उरतो."

खाली कुणीतरी आधार कार्डाच्या प्रती काढत होतं.
जिन्यात उजेड सरकत होता, जात होता.

*

अंबडला, आमच्या कंपनीत, चार नंबरच्या प्रेसवर
दत्तू पिंगळेची दोन बोटं गेली.
करंगळी, आणि तिच्या शेजारचं.
चौकशीचा कागद इंग्रजीत आला, माझी सही मागत.
द गार्ड वॉज रिमूव्हड.
गार्ड काढण्यात आला होता.
कुणी?
वाक्यात कुणी राहतच नव्हतं.
पाथर्डी फाट्यावरचा न विकलेला फ्लॅट जसा,
दाराला पाटी नाही, आत दिवा नाही.
पुढच्याच ओळीत: ऑपरेटरने काळजी घेतली नाही.
त्या वाक्याला मात्र कर्ता होता,
त्याला नाव होतं, तिकीट नंबरसुद्धा.

सही केली नाही.
रात्री पोरं निजल्यावर
ओट्यावरचं पाणी पुसून कागद पसरला
आणि पाट मांडला: इट वॉज.
बोरस्ते साहेबांना त्यावर बसवताना पेन अडकलं.
आमच्या निफाडचे. दर वर्षी द्राक्षांची पेटी येते त्यांच्याकडून,
लेकीच्या दहावीला पाकीट दिलं होतं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, स्पेलिंग पाहून.
मग थ्री टाइम्स ला उचलून
माझ्याही पुढे ठेवलं.
तीन वेळा सांगितलं होतं मी, तोंडी दोनदा, एकदा वहीत.
शेवटच्या घरात कोण?
बराच वेळ सुचेना. कुकरमधला भात गार झाला.
तिथे एकच शब्द ठेवला, ज्याच्यासाठी गार्ड काढला तो:
प्रॉडक्शन.
फुलस्टॉप इतका दाबला की मागच्या पानावर उमटला.

एचआरच्या पोरीने वाचून विचारलं,
"मावशी, सरळ लिहायचं ना, एवढं उलटंपालटं कशाला?"
म्हटलं, सरळच आहे.
कोण कुठे बसलाय, तेवढं बघ.

कागद फायलीला लागला.
मला स्टोअरला टाकलं, नटबोल्ट मोजायला.

*

रविवारी दत्तूकडे गेले.
डाव्या हाताने बशी धरायला शिकत होता,
अर्धा चहा सांडला तरी बायको काही बोलली नाही.
म्हटलं, दत्तू, तुझी चूक नव्हती.

त्याने बशी खाली ठेवली.
"नव्हती," म्हणाला,
"का नव्हतीच?"

आता या च साठी
पाट कुठे मांडायचा,
बाईंना विचारायचं राहिलंय.